दक्षिणेकडे तोंड करणारी चाकं

तळा, रविवार, दुपार

तीर्थरूप रघूदादास,

तुझा धाकटा मावसभाऊ प्रज्योत याचा साष्टांग नमस्कार. (दोहा नेमकं कुठल्या बाजूला येतं ते न कळल्यामुळे नमस्कार अंदाजे समुद्राच्या दिशेनं घातला आहे, पायांपर्यंत पोचला असं समजावं.) तब्येत कशी आहे, उन्हाचा त्रास होतो का, ताजी मासळी मिळते का, हे सगळं फोनवरच विचारलं असतं. पण तू मला चार वर्षं ब्लॉक करून ठेवलं आहेस, आणि कागद काही ब्लॉक करता येत नाही. म्हसळ्याचा दानियाल सुट्टी संपवून तिकडे परत येतोय, त्याच्या हाती पत्र देतोय. तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही असं त्याला बजावलं आहे. तो पाकीट हातात तोलून म्हणाला, "इन्शाल्ला बैठूंगा, पण लई जाड हाय रे." त्याला चहा दे.

पत्राचं कारण कृष्णामावशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुझी आई रोज दिवेलागणीला फाटक सताड उघडं टाकून ओट्यावर बसते आणि रस्त्याकडे बघत राहते. रावजीकाका गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. तू एकदा यावंस, एवढंच. पण नुसतं 'ये' म्हटल्यानं तू येणार नाहीस (सख्ख्या बापाच्या दहाव्यालाही आला नाहीस, गाडीवरून झालेलं भांडण माणसाच्या मागे तरी मिटवायचं होतंस). म्हणून माझ्या गाडीच्या चाकांची हकीकत क्रमानं सांगतो. हसू येईल तिथे हस. मला आलं नाही.

गेल्या वर्षी मी एक सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेतली. लाल. तुझी काळी बघूनच मला त्या मॉडेलचं वेड लागलं होतं, ती हौस इतक्या वर्षांनी फेडून घेतली. पंचायत समितीतल्या कारकुनाला शून्यावरून शंभरावर आठ सेकंदांत कशासाठी पोचायचं असतं, असं कल्पिता विचारते. (कल्पिता म्हणजे माझी बायको. आमच्या लग्नालाही तू नव्हतास.) प्रश्न रास्त आहे, कारण आमच्याकडे सलग आठ सेकंद खड्डा लागत नाही असा रस्ताच नाही. श्रावणात माणगावच्या अलीकडे हायवेवर एक खड्डा पाण्यानं भरून सपाट रस्त्याचं सोंग घेऊन बसला होता. डावीकडची दोन्ही अलॉय चाकं त्यात गेली, एकाला तडा आणि दुसऱ्याचा काठ करंजीच्या कडेसारखा दुमडलेला. टायरवाला म्हणाला की वेल्डिंग करून देतो, पण घाटात त्याच्या भरवशावर जाऊ नकोस. म्हणजे नवा सेट घेणं आलं.

दादा, अलॉय निवडणं हे मुलगी बघण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण इथे पत्रिका खरोखरच जुळावी लागते. बोल्ट पाच हवेत, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरात तेवढंच हवं, व्यास सतरा इंच हवा, आणि ऑफसेट नावाचा एक आकडा असतो तो चुकला की चाक मडगार्डाबाहेर डोकावतं. पहिला सेट मी हौसेनं अठरा इंची आणला. वळण घेतलं की आतून पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. परत केला. दुसरा चकचकीत होता. कल्पितानं दारातूनच पाहिलं आणि भांड्यांच्या दुकानातली ताटं लावलीस का म्हणून विचारलं. तोही परत. तिसरा सेट माणगावात मोरूकडे मिळाला. मोरू जुन्या गाड्यांचे भाग विकतो. त्यानं गडद राखाडी रंग मारलेली दहा काड्यांची चार चाकं बाहेर काढली, आणि मापं लावून बघतो तर सगळे आकडे तंतोतंत. मी इतका खूश झालो की मोरू ती विकायला इतका उतावीळ का आहे, हे विचारायचं राहिलं. निघताना त्यानं आपणहून सांगितलं. "पनवेलच्या गिऱ्हाईकानं परत आणून टाकली व्हती. मी मागं रचून ठेवतो, न् दुसऱ्या दिवशी शटरला येऊन टेकलेली असतात. जमीन उताराची असंल." मी वाकून जमीन पाहिली. उतार होता, पण उलट्या बाजूला.

मी बारावीपर्यंत सायन्स केलेला माणूस आहे, त्यामुळे पहिले तीन दिवस मी काहीही मानलं नाही. गाडी एका अंगाला ओढत होती, तर अलाइनमेंट करून घेतलं. कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे. विचित्र एवढंच की सकाळी ऑफिसला जाताना ती डावीकडे ओढायची आणि त्याच रस्त्यानं परत येताना उजवीकडे. म्हणजे दोन्ही वेळा दक्षिणेला. मग अंगणात पूर्वेकडे तोंड करून लावलेली गाडी दिवे लावायच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून दिसू लागली. हँडब्रेक ओढलेला, चावी माझ्या खिशात, आणि मातीत वळल्याची खूण नाही. कल्पिता म्हणाली की दक्षिणेकडे तोंड करून आपण माणसाला जेवायला बसवत नाही, तर गाडी कशाला लावतोस? मी लावत नाही, असं सांगितलं तर ती आत जाऊन देवापुढे दिवा लावून आली. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, हे कबूल करतो.

शनिवारी भर दुपारी टायरवाल्याकडे पुन्हा गेलो. त्यानं चाक उतरवून मधली टोपी काढली, आत बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. लाल होतं. मी गंज म्हणालो. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "कुंकू हाय, दादा. वल्लं हाय." चारही चाकांत तेच. रंगाच्या थराखाली, टोपीच्या आत, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ओलं कुंकू. त्यानं चाकं परत चढवली आणि मजुरी घेतली नाही. (या माणसानं याआधी हवा भरल्याचेही पैसे सोडलेले नाहीत.)

तिथून मी घरी यायला निघालो, वाटेत कल्पितासाठी औषध घ्यायचं होतं, तिला नववा चालू आहे. फाट्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी गाडी दक्षिणेला, म्हसळ्याच्या रस्त्याला वळवली नाही, असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून मी विरोध केला नाही, असं लिहितो. सगळा आठवडा ओढणारं स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालं. घाटात एकही खड्डा लागला नाही. खड्डे होते, मला दिसत होते, पण चाकं ते टाळत गेली. आणि दिवेलागणीच्या नेमक्या वेळी गाडी तुमच्या वाडीत शिरून उघड्या फाटकातून आत जाऊन थांबली.

मावशी ओट्यावरून उठली. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन आली, ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. माझ्यावर नाही, चाकांवर. मग वाकून पुढच्या चाकाला हात लावला आणि त्याला विचारलं, "आलास? लई उशीर क्येलास." त्यानंतर तिला मी दिसलो. दादा, मी तेहतीस वर्षांचा आहे आणि त्या वेळी मला रडू आलं.

खुलासा तिनंच केला. तू काळी गाडी आणलीस तेव्हा वेशीवरच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गुरवाकरवी गाऱ्हाणं घातलं होतं, ते तुला आठवत असेल. तू टोप्या काढून दिल्यास आणि तिनं चाकांना आतून कुंकू लावलं. "मी तवा काय बोलले, ही चाकं कुठंबी जावोत, दिवं लागायच्या वक्ताला माझ्या दारात आण. चाकावर हात व्हता ना, म्हनून चाकंच बोलले. रघ्याचं नाव घ्यायचं ऱ्हायलंच बघ." तू नोकरीसाठी जाताना गाडी मोडीत दिलीस, चाकं फिरत फिरत मोरूकडे आली, आणि राखणदार बिचारा चार वर्षं ती शटरपर्यंत नेऊन थकला. मावशीचा त्याच्यावर जराही राग नाही. "त्याला सांगितलं त्येवढं तो करतोय. चूक माझी हाय," म्हणते. मला मात्र तुझा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या शनिवारपासून सलग सात संध्याकाळी मी मावशीच्या दारात होतो. ती घावने वाढते, मी खातो, ती चाकांकडे बघते. परवा अखेर मी चारही चाकं उतरवून तिच्या ओट्यावर ठेवली, गाडी विटांवर चढवली आणि एसटीनं घरी आलो. मावशीला बरं वाटलं. पण त्यांना हात लावून झाला की ती अजूनही रस्त्याकडेच बघत बसते, आणि तेवढंच तुला कळवायचं होतं.

तुझा
प्रज्योत

ता. क. कल्पितानं पत्र वाचलं. तिचं म्हणणं, एवढं पाल्हाळ कशाला, 'आई वाट बघते, ये' एवढं पुरे होतं. तिनं तुला अजून पाहिलेलं नाही, म्हणून तसं वाटतं.

ता. क. २. खरं सांगायचं तर एक कामही होतं. गाडी विटांवर आहे आणि कल्पिताचे दिवस भरत आलेत. तिकडे अलॉय चांगली मिळतात म्हणे. सतरा इंची, पाच बोल्ट, कोरी करकरीत, कुणी हात न लावलेली. येताना सामानात चार घेऊन ये. तू येणार नसशील तर दानियालबरोबर पाठव.

ता. क. ३. वरचं शेवटचं वाक्य खोडायचं होतं, ते आता खोडलं असं समज. काल मावशीनं नवं गाऱ्हाणं घातलं. या वेळी चूक नको म्हणून मसुदा मी करून दिला, माझं कामच ते: तुझं नाव, बापाचं नाव, पासपोर्टवरचं स्पेलिंग, राहण्याचा पत्ता, आणि 'जिवंत व धडधाकट दारात आणावे'. गुरवानं तो मोठ्यानं वाचला. पण नेमका त्याच वेळी रस्त्यावरून ट्रक गेला आणि 'जिवंत व धडधाकट' हे शब्द त्यानं वाचले की गाळले, ते मला नीट ऐकू आलं नाही. विचारलं तर त्यालाही आठवत नाही. दादा, तुझी खाट सकाळी पूर्वेकडे, आपल्या घराकडे वळलेली दिसत असेल, तर राखणदारावर सोडू नकोस. आपल्या पायांनी ये.