उन्हात घातलेले फोटो

हणमंता,

तुझ्या बायकोला घेऊन तळेगावच्या दवाखान्यात चालले आहे. कपाळातल्या काचा मी चिमट्याने काढल्या, तरी रक्त थांबत नाही.

पावसात तुझ्या त्या अमेरिकेच्या डोंगरांच्या रंगीत फोटोंना बुरशी आली, म्हणून तिने त्यातला एक गाद्यांबरोबर उन्हात घातला. लोणावळ्यात पाऊस सरला की घरोघरी हेच करतात. उन्हाने रंग उडतो, हे तिला कोणी सांगितलं होतं? जगात त्याच्या पंचवीसच प्रती, म्हणून तीच फ्रेम तिच्या डोक्यात घातलीस!

उरलेले सगळे फोटो मी अंगणात मांडलेत, तोंडं सूर्याकडे करून. रंग उडतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता हात उचलायचा तर माझ्यावर उचल. कोयता पिशवीत घेतलाय.

अक्का