लाल पाण्यावर टरफलांचा कोळसा

३ नोव्हेंबर, सोमवार
प्रदूषण बोर्डाची नोटीस. आमच्या डाइंग युनिटचं लाल पाणी अकरा दिवसांत साफ झालं नाही तर वीज तोडणार. चाळीस माणसं घरी बसतील. मालक गुणवंतशेठ रडायचे बाकी होते. "श्रीकृष्णभाई, हवे तमेज कंईक करो." म्हणजे आता मीच काहीतरी करायचं. बावीस वर्षं ट्रीटमेंट प्लांट मीच सांभाळतोय. सांगून टाकलं: बायोचार! शेंगांची टरफलं बंद पिंपात भाजायची, त्या कोळशातून पाणी सोडायचं. रंग कोळशाला चिकटतो. इंटरनेटवर वाचलंय. लेख जवळजवळ पूर्ण वाचला.

५ नोव्हेंबर
टेम्पोभर टरफलं आली. पिंपाचं झाकण नीट बसेना, निम्म्याची राख. राखही उपयोगीच असणार. लॅबमधली दीप्ती म्हणाली, सर, आधी बाटलीत करून बघू, कोळसा धुऊन घेऊ, राखेनं पीएच चढेल, मग रंग चिकटणार नाही. मुलगी हुशार, पण घाबरट. बाटल्या खेळायला वेळ कुठाय?

८ नोव्हेंबर
पहिली टाकी. पाणी लाल राहिलं नाही. काळं झालं. म्हणजे लाल गेला! दीप्ती म्हणते, आहेच, काळ्यात दिसत नाही. नकारात्मक पिढी.

१० नोव्हेंबर, रात्री
कोळशाच्या भुकटीनं पंप चोक. रंगमास्तर बापूंनी खांद्यापर्यंत हात घालून गाळ उपसला. मी म्हणालो, बस, बे दिवस, दोनच दिवसांत पाणी साफ. घरी बायकोला, सुनंदाला, सांगितलं, मस्त चाललंय. ती म्हणाली, मग भातावर आमटीऐवजी पाणी का ओतलंत?

१२ नोव्हेंबर
दीप्तीनं न विचारता थोडा कोळसा धुतला, पाण्यात ॲसिड घालून पीएच उतरवला. बाटलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ. टाकीपुरता असा कोळसा करायला दोन आठवडे लागतील म्हणे. मग आधी का नाही बोलली? बोलली होती, पण इतकं ठासून नाही.

१४ नोव्हेंबर
बोर्डाचे साहेब आले. मी बायोचारवर वीस मिनिटं बोललो. त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरून उन्हात धरलं. मी घाईघाईनं दीप्तीची बाटली पुढे केली. म्हणाले, ही छान आहे. पण नदीकडे टाकी जाते.

१५ नोव्हेंबर
दुपारी दोनला वीज तोडली. मशिनं थांबल्यावर इतकं शांत होतं, हे ठाऊक नव्हतं. माणसं डबे घेऊन निघाली. कुणी मला बोल लावला नाही. लावायला हवा होता. बापू गेटपाशी थांबले. "साहेब, सोमवारे आवुं?" म्हटलं, सोमवारी यायचं की नाही ते संध्याकाळी फोन करून सांगतो.

संध्याकाळी ७
काय सांगायचं त्याचा प्लॅन इथे लिहावा म्हणून वही उघडली.

७.४०
बापूंचाच फोन. वाजून वाजून थांबला.