डाव्या बाजूचा आवाज

२ जून

चि. बारकीस दादाचे अ. उ. आ.

आधी हिशोब ऐक. लेकीनं पाठवलेला तो डोळ्यांवर बांधायचा हेडसेट मला फुकटात पडला, असं तू सगळ्यांना सांगत असशील. त्यापायी आजवर दोन केबली, दिव्याची एक काच, नडगीचं बोटभर कातडं आणि गॅरेजचे तीन अर्धे दिवस गेले. फुकटाचा माल यापुढे आपल्याला परवडायचा नाही.

पहिल्या दिवशी नुसता काळोख. केबल कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला खुपसली होती. मागच्या पोर्टात लावली तेव्हा उजेड पडला. बघतो तर समोर अख्खं इंजिन उभं! हात लावायला गेलो आणि दिवा फोडला. तेव्हापासून खुर्चीत बसूनच बघतो. तुझी भाची हुशार खरीच. नवख्या मेकॅनिकांनी नुसत्या कानांनी दोष शोधायला शिकावं, असा प्रोग्राम रचलाय तिनं. पण डावीकडून आवाजच नाही! केबल बदलली, पोर्ट बदलला, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. डावी बाजू मुकी ती मुकीच. म्हणजे दोष प्रोग्रामात. तिला फोनवर तसं सरळ सांगून टाकलं. वीस तारखेला प्रशिक्षण संस्थेला दाखवायचाय म्हणे, आणि सोबत माझी शिफारस हवी. लेक असली म्हणून काय झालं, डोळे मिटून सही ठोकणारा मी नव्हे. शटरबाहेर गाडी थांबली की बॉनेट न उघडता दोष सांगतो मी. दीड वर्षात मी पास केलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आलेली नाही, ते काय उगाच?

ती तुझ्याकडे राहते, तेव्हा चार समजुतीचे शब्द तूच सांग. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. तुझ्या एका फोनवर पोरीनं वर्षाचं काम उसवायला घेतलंय. ताटावर बसते आणि तशीच उठते. वीस तारखेला जायचंच नाही म्हणते. बाबांचा कान चुकत नाही, मीच चुकले, एवढंच पालुपद. काल मी म्हटलं, आण ते टोपलं, घाल माझ्या डोक्यावर. दादा, डावीकडून असा खणखणाट आला की मी दचकून स्टुलावरून खाली! खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना बोलावलं, त्यांनाही तसाच आला.

बाबांना कळवायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. मी कळवतेय. तुझ्याकडचा हेडसेट बिघडला असेल तर बरंच. पण संशय आला की एकेक भाग बदलून बघावा, हे तूच सांगत आलास. केबल बदललीस, पोर्ट बदललास, डोकं नाही बदललंस. तोच हेडसेट तुझ्या फोरमनच्या डोक्यावर घालून बघ. रागावलास तरी चालेल, अबोला मात्र धरू नकोस.

तुझीच बारकी


१६ जून

चि. बारकीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी दिवसभर धुमसलो, मग फोरमनला घरी बोलावलं. हेडसेट चढवला मात्र, त्यानं झटकन मान डावीकडे वळवली. मालक, इकडचा झडपेवरचा टॅपेट वाजतोय म्हणाला. मी पुन्हा घातला. काही नाही. उठून इंजिनाकडे पाठ केली, तर तोच टॅपेट उजव्या कानात टकटक! दुसऱ्या सकाळीच दवाखाना गाठला.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत बसवून तपासलं. डावा कान जवळजवळ गेलाय, आणि आजकालचा नव्हे. तीस वर्षं पत्रा घासायचा ग्राइंडर त्याच बाजूला धरला. परत यायचा नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचं मशीन एकदा तपासून घ्या. बाई हसल्या नाहीत.

लेकीला फोन लावला. दोष तुझ्यात नव्हता, वीस तारखेला जा, एवढंच म्हटलं. शिफारस सोबत जोडतोय. खाली फोरमनचीही सही घेतलीय, डाव्या बाजूपुरती.

पण आता पास केलेल्या गाड्या एकेक आठवतायत. गेल्या आठवड्यात शाळेची बस पास केली. डाव्या चाकाचं बेअरिंग ओरडत असलं तर? हे पत्र टाकून तडक गॅरेजात जातो आणि एकूण एक गाडी परत बोलावतो. अर्ध्या कानाचा का होईना, भाऊ म्हणून लोभ असू दे.

तुझा दादा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आधी गॅरेजातच पोचलो. फोरमननं फडक्याला हात पुसले आणि बोलावण्याची गरज नाही म्हणाला. दीड वर्ष झालं, मी पास केलेली प्रत्येक गाडी तो कोपऱ्यापलीकडे नेऊन पुन्हा तपासतो.