तांबडे सोने आणि माझी नाडीपरीक्षा

बुधवार, १६ एप्रिल १९९७. चैत्र शुद्ध नवमी.
रामजन्म यथासांग पार पडला. पाडव्याला केलेला संकल्प अखंड चालू आहे : पहाटे स्वतः घाटावर जावे, कृष्णेचा कलश भरावा, त्याच जलाने पूजा करावी. तोवर आडाचे पाणी चालवून घेतले ही माझी ढिलाई. सूनबाईंना, म्हणजे सुमंतच्या स्वानंदीला, पाचवा महिना. तिच्यासाठी रोज सहस्रनाम. इतरांना तीर्थ एक पळी, तिला तीन. घरात पहिले नातवंड येणार. ते तेजस्वीच निपजले पाहिजे.
एकच खटकते. माझी पुतणी चारुशीला साताऱ्याहून येथे संशोधनासाठी आली आहे आणि माडीवरच्या खोलीचे दार लावून बसते. विद्या लपवण्याची वस्तू नव्हे. लक्ष ठेवायचे ठरवले.

शुक्रवार, १८ एप्रिल.
दार उघडे सापडले. आत वायरी, काटा असलेला एक मीटर, पेन्सिलीतल्या शिशाच्या कांड्या आणि एका बाटलीत डाळिंबाच्या रसासारखे तांबडे पाणी. हे काय म्हणून विचारले. म्हणाली, “सोनं आहे, काका.” मी वयाने एकाहत्तर आहे, सात नव्हे. सोने तांबडे कसे, असे दरडावून विचारले. म्हणे, फार बारीक केले की तांबडे दिसते. कण इतके सूक्ष्म की सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्यांना ‘नॅनो’ म्हणतात. ग्रीक भाषेत नॅनो म्हणजे बुटका. आपल्याकडे अणूहूनही सूक्ष्म तत्त्वाचे विवेचन आहे, पण त्याला बुटका म्हणण्याचे धार्ष्ट्य कोणी केलेले नाही.
खाली येऊन देव्हाऱ्यातील कुलदेवतेचा सोन्याचा टाक तपासला. जागेवर आहे. थोडा झिजलेला वाटला. झीज पूर्वीचीही असू शकेल. नोंद करून ठेवतो.

मंगळवार, २२ एप्रिल. हनुमान जयंती.
चारूने सर्वांसमक्ष यंत्राचे निरूपण केले. कांडीवर ते सोने, सोन्यावर काविळीच्या विषाणूला धरून ठेवणारी प्रथिने. रक्ताच्या थेंबात विषाणू असला की तो तेथे अडकतो, विजेच्या प्रवाहात फरक पडतो, काटा हलतो. डोळे पिवळे होण्याआधीच रोग कळावा एवढीच तिची खटपट. सुमंतने टाळी वाजवली. स्वानंदीने डोळे विस्फारले. या घरात टाळी आरतीच्या वेळी वाजते.
मी शांतपणे सांगितले की आगामी रोग नाडीवरून कळतो. तीन बोटे पुरतात; वायरी लागत नाहीत. चारू म्हणाली, “काका, मग दोन्ही करून बघू की!” आव्हान स्वीकारले.
संकल्प : हे यंत्र महिन्याच्या आत खोटे ठरवायचे. स्वतःचे रक्त एक थेंबही द्यायचे नाही.

मंगळवार, २९ एप्रिल.
परीक्षेसाठी शेजारचे सुभेदार मानसिंग यांची निवड केली. मूळचे कोरेगावचे, पलटणीतून निवृत्त, धिप्पाड देह. पाडव्यापासून रोज तीर्थाला येतात. त्यांची नाडी पाहिली. हंसगतीने चाललेली, निर्मळ. तसे सांगितले. ते म्हणाले, “आवं शास्त्रीबुवा, लय झ्याक! आता टोचू द्या त्या पोरीला.”
काटा हलला. चारूचा चेहरा उतरला. “हे अजून प्रयोगातलं आहे, पक्की तपासणी पुण्याला करू,” म्हणाली. हलवून झाल्यावर प्रयोगातलं! सुभेदारांना मी अभय दिले व आणखी एक पळी तीर्थ दिले.
संशय : काटा टेबलाच्या धक्क्याने हलला असावा. टेबल मी स्वतः हलवून पाहिले. हलले नाही. पण फरशी असमान आहे.

रविवार, ४ मे.
सुभेदारांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत. अंथरुणावरून ओरडले, “तुमी नाडी बघितली न्हवं? हंस कुठं गेला म्हनायचं?” नाडी त्या वेळची असते, हे मी समजावून सांगितले, पुढे मनुष्याने काय खाल्ले त्याची जबाबदारी नाडीवर नाही. त्यांची कारभारीण रेश्मा दारातून म्हणाली, “शास्त्रीबुवा, गेल्या म्हैन्यात ह्यांनी भाईर काय बी खाल्लं न्हाई. तुमच्या हातचं तीर्थ तेवढं.” म्हणजे तीर्थाव्यतिरिक्त काहीतरी निश्चित खाल्ले असणार. हा माणूस बायकोपासूनही लपवतो.

शुक्रवार, ९ मे. अक्षय तृतीया.
घरात कुजबुज वाढली आहे. चारू आणि स्वानंदी ओट्यापाशी बोलत असतात. मी गेलो की पोह्यांचा विषय निघतो. पोह्यांत एवढे बोलण्यासारखे काही नाही. मुद्दाम खोकून आत गेलो, तरी पोहेच.
गल्लीत आणखी दोघांना कावीळ. दोघेही माझ्याकडे तीर्थाला येणारे. चारूच्या काट्याने दोघांनाही आधीच ओळखले होते. यावरून एक गोष्ट उघड होते : यंत्र केवळ श्रद्धाळू माणसांवर रोख धरते.
मला भूक नाही. अंग कसकसते. उन्हाळा.

रविवार, ११ मे.
चारूने समोर बसून विचारले, “काका, पूजेचं पाणी कुठून आणता?” मी अभिमानाने सांगितले. कुठल्या पायरीवरून, तेही सांगितले. ती म्हणाली की नदी आटली आहे आणि त्या पायरीच्या जरा वर गावाचा नाला मिळतो. ही कावीळ पाण्यातून पसरते. धडधाकट माणूस बहुधा सावरतो. पण गर्भारपणात ती जिवावर बेतते. आईच्या, आणि बाळाच्याही.
मी म्हणालो, गंगा, यमुना, गोदावरी, सर्वांचे आवाहन करून मगच मी ते जल वापरतो. ती म्हणाली, “काका, स्वानंदीला रोज तीन पळ्या.”


सोमवार, १२ मे.
सकाळी स्वानंदीला घेऊन मीच माडीवर गेलो. चारू म्हणाली, गेल्या आठवड्यातच पाहिले होते, ठीक होते. मी म्हटले, पुन्हा पाहा.
काटा स्थिर. मला संशय आला. दुसरी कांडी लावायला सांगितली. स्थिर. टेबल खिडकीपाशी नेले. फरशी असमान आहे. स्थिर. सुमंत म्हणाला, “बाबा, एवढे दिवस हलतो म्हणून भांडत होतात, आज हलत नाही म्हणून भांडताय?” मी त्याला गप्प बसवले. तीन पळ्या रोज, आणि काही नाही? एकतर यंत्र खोटे, नाहीतर चारू माझे मन राखते आहे.
तेव्हा स्वानंदी रडू लागली. “मामंजी, रागावू नका. मी घेतच नव्हते. त्या कापराच्या वासानं पाडव्यापासून मळमळायचं. तुमची पाठ फिरली की ओंजळ परत तीर्थाच्या वाटीत सोडायचे. ओटीवर कसं ओतणार? तीर्थ ना ते!”
हात न खरकटवता सोडत होती, असेही तिने आवर्जून सांगितले. मी मान हलवली.
तीर्थ सांडू नये, पायदळी तर येऊच नये. म्हणून उरलेली वाटी रोज शेवटी मी स्वतः घेतो. ती उरलेली असते कशी, असा प्रश्न मला पडला नव्हता. जगातील प्रत्येक गोष्टीचा पडला, हाच नाही.
चारूने माझ्याकडे पाहिले. “काका, तुमचं बोट?” म्हणाली. नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

बुधवार, १४ मे.
बोट दिले. काटा असा उसळला की चारूने घाबरून बटण बंद केले.
तरीही नाडी पाहिली. माझीच. हंसगती.

शनिवार, १७ मे.
आरशात पीतांबर नेसल्यासारखे डोळे. पुण्याहूनही तेच आले. पूजा स्वानंदी करते. कापूर वर्ज्य, पाणी उकळून गार केलेले. देवाने हरकत घेतलेली नाही. गल्लीतील प्रत्येक घरी सुमंतला पाठवले : शास्त्रीबुवांनी निरोप दिला आहे, पाणी उकळून प्या, माझ्या हातचे तीर्थ घेतले असेल तर चारूकडे या. निरोप छोटा ठेवावा असे ठरवले होते. सुमंतने पूर्ण सांगितला.
सुभेदार काठी टेकत येऊन गेले. “मी आदी पिवळा झालो. सिनियारिटी माजी!” म्हणाले. मी क्षमा मागण्याच्या तयारीत होतो, पण त्यांनी उसाचा रस पुढे केला. कुठल्या गाड्यावरचा, बर्फ कसला, हे विचारले. “घरचा हाय, बिनबर्फाचा. आता तुमी मला इचारताय व्हय!” म्हणून हसत सुटले.

गुरुवार, २२ मे.
चारूच्या मार्गदर्शकांनी माझ्या रक्ताची वाखाणणी केली. एवढा स्पष्ट काटा अन्य कोणाच्याही रक्ताने हलला नाही. अध्ययनाने रक्तात काही विशेष येत असावे. प्रबंधात माझे नाव घालावे असे सुचवले. चारू म्हणाली, नावे घालत नाहीत. मग माझ्या रक्ताचा उपयोग काय? म्हणाली, “काका, प्रत्येक तपासणीआधी ज्यात रोग नक्की आहे असं रक्त लावून बघावं लागतं. त्यानं काटा हलला तरच यंत्र नीट आहे असं धरायचं. ते रक्त आता तुमचं.”
म्हणजे यंत्र खरे की खोटे, हे यापुढे मी ठरवणार. एका परीने संकल्प सिद्धीस गेला.
दुपारी स्वानंदीची पुन्हा तपासणी. मी जिन्यावर बसून पाहिली. वर चढण्याची शक्ती नाही. तिचे रक्त लावले : काटा स्थिर. मी ओरडून सांगितले, आता माझे लावा. लावले. उसळला.
पुन्हा तिचे. स्थिर.
पलंगावर येऊन पडलो. दहा-बारा दिवसांत प्रथमच डोळा लागला.