तिसरं बटण

चि. सईस,
काकीचे पोटभर आशीर्वाद. तर दूध तापवून झालं होतं, पीठ चाळलं होतं आणि मी डावीकडच्या दुसऱ्या डब्यातून मीठ घेत होते... पण थांब, आधी तुझी विचारपूस राहिली. सर्दी गेली असेल, पुण्यात वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. माझं गुडघ्यांसकट बरं आहे. डोळ्यांचंही फार काही नाही. समोरच्याचं तोंड तेवढं दिसत नाही, कान दिसतात. (डॉक्टर म्हणतात, मधलं गेलं, कडेचं राहील. जाड पेनानं लिहितेय, ओळ ओळीवर चढली तर समजून घे.)

डबे मी जागेवरून ओळखते. तुझे काका चहा करायला आले की साखर मिठाच्या जागी जायची आणि मी ओरडायचे. ते गेल्यापासून एकही डबा हललेला नाही. आमच्या वाचनालयाची तू केलेली वेबसाइटही मी अशीच जागेवरून वापरते. बोट फिरवलं की फोनमधली बाई तिथं काय आहे ते सांगते. पण तुझी बटणं म्हणजे नुसती चित्रं, बापडी प्रत्येकावर 'नाव नसलेलं बटण' एवढंच म्हणते. तिसरं दाबलं की गोष्ट ऐकू येते, हे मी पाठ केलं होतं. (पुड्याच्या कागदांवरून वाचायला शिकलेली बाई मी, वाचन असं सुटू देईन होय?) त्या सकाळी तिसरं दाबलं, पुढं जे जे आलं त्याला 'ठीक आहे' करत गेले, तरी गोष्ट लागेना. भाकऱ्या होईतो ग्रंथपाल जोतीरामचा फोन. तू आदल्या दिवशी मध्येच एक नवीन बटण घातलं होतंस आणि मी शनिवारचं सभागृह माझ्या नावानं धरून बसले होते. कार्यक्रम कसला, असं त्यानं विचारलं. दिसत नाही हे सांगायचं जिवावर आलं (कळलं की लोक हाताला धरून रस्ता ओलांडवतात, आपल्याला जायचं नसलं तरी). म्हटलं, कथावाचन. त्यानं लगेच फळ्यावर लिहिलं.

शनिवारी हॉल भरला. कानात इअरफोन, वरून पदर, पुढ्यात उघडं पुस्तक. फोनमधली बाई बोलायची, मी तिच्यामागून म्हणायचे. जत्रेत पोर हरवलेल्या आईची गोष्ट. ऐन रंगात माझं बोट फोनला लागलं आणि त्याच रडवेल्या आवाजात मी म्हणाले, "आई गर्दीत शिरली आणि... नाव नसलेलं बटण."

पहिल्या रांगेतून शेजारची चिमणाबाई म्हणाली, "बटण ऱ्हाऊ दे आक्का, पोरगं घावलं का न्हाय ते सांग की."

मी इअरफोन काढला. "मला मधलं दिसत न्हाय. ही बाई वाचती, मी नुसतं बोलती."

कुणी हसलं नाही. जोतीरामनं फोन स्पीकरला जोडला आणि पोरगं घावेपर्यंत सगळे बसून राहिले. रोज वाचनालयात पेपर उघडून बसणारे हंबीरराव निघताना जवळ आले. हळूच म्हणाले, "आक्का, ती बाई मला पण मिळंल का? वरीसभर मी नुसताच पेपर धरून बसतोय."

आईला नमस्कार सांग, ती भेटायला आली नाही म्हणून मी रुसलेय हेही सांग.

तुझी,
काकी

ता. क. वेबसाइट दिसायला फार देखणी आहे, असं ज्यांना दिसते ते म्हणतात. आता प्रत्येक बटणाला नाव दे, त्या बाईला वाचता येईल असं. जरा लवकर दे, हंबीररावांना मी चौथं पाठ करून दिलंय.

ता. क. २. चिमणाबाई आणि हंबीरराव आता गोष्ट ऐकायला माझ्याकडे येणार आहेत. चहा चिमणाबाईच टाकणार, असं तिनं जाहीर केलंय, म्हणजे डबे हलणार. रविवारी सकाळी मी मिठाच्या डब्याला दोरा बांधला.