साखीरची पायवाट

मनामा, बहरीन
शुक्रवार, १२ डिसेंबर १९९७

प्रिय सीमा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे, धुळीनं घसा बसलाय एवढंच. आईचा गुडघा कसा आहे? श्रावस्तीनं काढलेलं विमान भिंतीवर लावलंय. माझ्या खोलीतला सुजीत म्हणतो, त्याला पंख तीन आहेत.

फॅमिली व्हिसाचं काय झालं, असं तू विचारलं आहेस. त्यावर येतोच.

थंडी पडली की आमच्या कामाला ऊत येतो. इथली माणसं साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात आणि त्यांची पोरं चार चाकांच्या मोटारसायकली उधळत फिरतात. आम्ही त्यांना बग्ग्या म्हणतो. कुणी तंबूत घुसू नये, पाइपलाइनवर चढू नये म्हणून दोन्ही बाजूंना चुना फासलेले दगड मांडून त्यांना रस्ते आखून द्यायचे. रस्ता बंद करायला मात्र नुसती पाटी पुरत नाही. वाळवंटात माणूस आधीच्या खुणा बघून जातो. म्हणून पिकअपमागं जुने टायर साखळीनं बांधून ओढायचे. खुणा पुसल्या की रस्ता मेला. संध्याकाळी आरशात बघावं तर पिठाच्या गिरणीतला माणूस दिसतो.

यंदाचा नवा रस्ता लेबर कॅम्पच्या पायवाटेला आडवा गेला. काम सुटलं की कॅम्पातली माणसं त्या वाटेनं हायवेवरच्या कोल्ड स्टोअरला, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात जातात, खुबूस म्हणजे इथली रोटी घ्यायला, घरी फोन लावायला. रस्ता जरा वळवू, असं मी आमच्या ऑफिसातल्या फारुखसाहेबांना म्हटलं होतं. पण नकाशा छापून झाला होता. मग व्हायचं तेच झालं. कॅम्पचा आचारी जैनुद्दीन बग्गीखाली सापडला, पाय मोडला. आणि ऑफिसनं बंद काय केलं, तर पायवाट.

टायर मीच ओढले, सीमा. पाटीही मीच ठोकली. आता ती माणसं लांबचा वळसा घालून हायवेच्या कडेनं चालतात, ट्रक अंगाला घासून जातात. जैनुद्दीनला बघायला गेलो. वाटलं, शिव्या देईल. तो म्हणाला, "भाई, आप तो रास्तेवाले हो. बताओ, हम किधर से जाएँ?"

गावी आपल्या आबांना पाटलाच्या बांधावरून जाऊ देत नसत. तू लग्न होऊन आलीस तेव्हाही आपल्या म्हाताऱ्या बायका सवयीनं ओढ्यातूनच जायच्या. मी शिकलो, विमानात बसलो, आणि इथं पगार घेऊन तेच पाटलाचं काम करतोय. फार लाज वाटली. अन्न गोड लागेना.

म्हणून मागच्या आठवड्यात मी ती पाटी उपटली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले आणि बग्ग्यांच्या रस्त्याला फासतो तसाच चुना फासला. दोन्ही वाटा मिळतात तिथं पिंपं उभी केली. पोरं तिथं वेग कमी करतात.

फारुखसाहेब आले. माणूस वाईट नाही, त्यांच्यावरही वरून दाब आहे.

"किसन, ये किसने किया?"

"मैंने."

"यल्ला, निकालो. मैंने कुछ देखा नहीं. खलास."

मी नाही म्हटलं. इतका थकलो होतो की भीतीसुद्धा वाटली नाही.

मला सुपरवायझर करायच्या कागदावर त्यांचीच सही व्हायची होती, आणि तो कागद असेल तरच फॅमिली व्हिसा. आता ती सही होणार नाही. मार्चनंतर करारही वाढणार नाही. आणि दगड म्हणशील तर उद्या दुसरा कुणी येऊन काढेलही.

तू शेजारणींना सांगून बसली आहेस, बॅग घेऊन ठेवली आहेस, हे मला माहीत आहे. आधी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू दगड काढा म्हणाली असतीस, आणि मी काढले असते. म्हणून नाही विचारलं.

श्रावस्तीचा दाखला शाळेतून काढू नकोस. काढला असशील तर परत नेऊन दे. सरांना सांग, मुलगी कुठं जात नाही, तिचे वडीलच घरी येताहेत.

रागावलीस तरी त्याच रागात चार ओळी लिही.

तुझा,
किसन