चौथ्या मजल्याची तटबंदी

३ मार्च
आलो एकदाचे परदेशी! इरा आणि मी. तिचे बाबा, अश्विन, महिनाअखेरीला येतील. बोना व्हिस्टाला जुन्या ब्लॉकमध्ये चौथा मजला, ऑफिस वन-नॉर्थला, चालत दहा मिनिटं. काम म्हणजे चैनच: एका गेमसाठी मध्ययुगीन किल्ला रचायचा. खंदक, जंग्या, वरून उकळतं तेल ओतायची भोकं. इराला मात्र स्वयंपाकघरातलं कचऱ्याचं शूट आवडलं. भिंतीतलं लोखंडी झाकण ओढायचं, पिशवी सोडायची, खाली धप्प. सहा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं!

६ मार्च
मीटिंगमध्ये भाव खाल्ला. सगळे दरवाजा मजबूत करतात, पण किल्ला पडतो शौचकूपातून नाहीतर फितुरीने, असं सांगितलं. मैल्याच्या नळीतून शत्रू वर चढतो, म्हणून मी नळीत गज घातले. फितुरीला गेममध्ये जागा नाही, असं साहेब म्हणाले.
घरी शूटला घाण वास. गोडसर, मेलेल्या घुशीसारखा.

१० मार्च
झाकणाला आतून पिवळट, केसाळ चिकटा. पुसताना बोटांना लागला. तीनदा साबण लावला, तरी घास तोंडाजवळ नेववेना. दुसऱ्या मजल्यावरच्या आंटी म्हणाल्या, हे आधी त्यांच्याकडे होतं, मग तिसऱ्यावर. आता दोन्हीकडे थांबलंय.
म्हणजे वर चढतंय.

१२ मार्च
सफाईवाले पाहून गेले. नळी रिकामी आहे म्हणाले. मग चिकट्यात हाताचे ठसे कुणाचे? एका ठशाची बोटं मोजली. सात. बेसिनमध्ये ओकले.

१४ मार्च
काल रात्री झाकणावर आडवा गज, साखळी, कुलूप घातलं. इराला बजावलं, हात लावायचा नाही. गजावर आज सकाळी लाळ होती. शी.
निदान इराचा डबा तरी हल्ली चाटूनपुसून येतो.

१५ मार्च, दुपार
कुलूप उघडं. किल्ली इराच्या फ्रॉकच्या खिशात. विचारलं तर शाळेत उचललेलं इथल्या बोलण्याचं शेपूट, 'लाह', लावून म्हणाली, ही इज हंग्री, लाह. रोज डब्यातली पोळी घरी आणून त्यालाच —

दोघी बेडरूममध्ये, आतून कडी लावलीय. फोन स्वयंपाकघरात राहिला. दाराखालून पिवळं काहीतरी —

तो रडतोय, इरा म्हणते. सारखी कडीकडे धावते. हात धरून ठेवलाय. तळवा चिकट, केसाळ, तोच वास. माझ्याच मुलीची किळस येतेय मला. धरायलाच हवा. ओकारी आली, एक क्षण सोडला फक्त, आणि ती कडी —